लहान मुलांना योगाचा फायदा नेमका कशात होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन मुलं आहेत, साडेपाच वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलगी एका जागी दोन मिनिटं बसत नाही. मुलाचं अभ्यासात लक्ष लागत नाही आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तासभर तो चुळबुळ करत राहतो. या वयात योग सुरू केला तर खरंच फरक पडतो का? कोणत्या वयापासून, किती वेळ आणि काय करून घ्यायचं? उंची वाढते, चष्मा जातो असं जे कानावर येतं, त्यात तथ्य किती?

मी बरीच वर्षं लहान मुलांना योग शिकवते आहे. फरक पडतो, हे मी खात्रीने सांगते. पण तो सहसा पालकांच्या मनात असतो त्या जागी पडत नाही. बहुतेक जण ‘अंग लवचीक होईल’ म्हणून मुलांना घेऊन येतात. लवचीकपणा मुलांकडे आधीच असतो, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. पाच वर्षांच्या मुलीला पायाचा अंगठा नाकाला लावायला कुणी शिकवावं लागत नाही. त्या वयात सांधे सैल असतात, अस्थिबंध ताणले जातात आणि काही मुलांचे सांधे तर गरजेपेक्षा जास्त वाकतात. अशा मुलाला आणखी ताणायला लावून हाती काही लागत नाही, उलट सांध्यांवर भार येतो. मुलांकडे कमी असते ती स्थिरता. थांबता येणं, तोल सावरता येणं, आपल्या शरीरात आत्ता काय चाललंय ते कळणं, श्वास मुद्दाम सावकाश करता येणं. लहान वयातला योग या गोष्टी शिकवतो. माझ्या मते त्याचा खरा उपयोग हाच आहे.

तोलापासून सुरुवात करते, कारण तो डोळ्यांना दिसतो. शरीराचा तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर सांभाळला जातो: डोळे, आतल्या कानातलं संतुलनाचं यंत्र आणि स्नायू-सांध्यांतून मेंदूकडे जाणारे संदेश. मोठ्यांचा मेंदू तिन्हींचा मेळ घालतो. लहान मुलं मात्र साधारण सातव्या वर्षापर्यंत डोळ्यांवर फार विसंबून असतात. वृक्षासनात उभी असलेली पाच वर्षांची मुलगी खिडकीबाहेर काय हललं म्हणून बघते आणि पडते. नऊ वर्षांच्या मुलाला मान वळवूनही तोल सांभाळता येऊ लागतो. म्हणून लहान मुलांना वृक्षासन देताना मी समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एखादी खूण ठरवून देते आणि पाय मांडीपर्यंत न नेता घोट्याशी टेकवून ठेवायला सांगते. बोटं जमिनीला लागली तरी चालतात. पाच वर्षांचं मूल एका पायावर दहा सेकंदांच्या आसपास उभं राहिलं तर ते वयाला साजेसं आहे. तीन वर्षांच्या मुलाला दोन-तीन सेकंदच जमतं आणि तेही योग्यच आहे. पालक घाई करतात म्हणून हे मुद्दाम सांगते.

तोल सुधारला की त्याचे धागे बऱ्याच लांब जातात. वर्गात खुर्चीवर सरळ बसून लिहिण्यासाठी हाताच्या आधी पोट, पाठ आणि खांदे तयार असावे लागतात. धड डगमगत असेल तर मूल कोपर टेकतं, डोकं हातावर ठेवतं, पाय दुमडून त्यावर बसतं, आणि आपल्याला वाटतं की ते कंटाळलंय किंवा लक्ष देत नाहीये. प्रत्यक्षात त्याचं बरंचसं बळ नुसतं बसून राहण्यातच खर्च होत असतं. म्हणून तळहातांवर वजन घ्यायला लावणारी आसनं मी आवर्जून घेते. मार्जारासन, अधोमुख श्वानासन, गुडघे न टेकता चार पायांवर अस्वलासारखं चालणं. त्यातून खांदे, मनगटं आणि पोटाचे स्नायू एकदम कामाला लागतात. उजवा हात आणि डावा पाय एकत्र उचलायचा, मग उलट करायचं, हा प्रकार नऊ वर्षांच्या मुलांनाही सुरुवातीला अवघड जातो. जमला की त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो.

आता श्वास. मला सर्वांत जास्त याच विषयावर बोलायचं आहे, कारण इथे लाभही सर्वांत मोठा आहे आणि चुकीचं शिकवणंही सर्वांत जास्त चालतं.

पाच-सहा वर्षांचं मूल स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला साधारण २० ते २५ वेळा श्वास घेतं. प्रौढ माणूस १२ ते २० वेळा घेतो. मुलाची फुफ्फुसं लहान आणि हृदयाचे ठोके जास्त, त्यामुळे मोठ्यांसाठीच्या मोजण्या त्याला लागू होत नाहीत. चार अंक श्वास घ्या, सात अंक धरा, आठ अंक सोडा, असलं काही मुलांना सांगू नये. त्यांची छाती दाटते, मग ती घाबरून झटके देत श्वास घेऊ लागतात आणि शांत होण्याऐवजी अस्वस्थ होतात. मुलांच्या बाबतीत मी एकच नियम पाळते: श्वास कधीही धरायचा नाही, फक्त सोडणं थोडं लांबवायचं.

सोडणं लांबवल्याने काय होतं हेही समजून घ्या. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वेगवान होतात, सोडताना किंचित मंदावतात. व्हेगस नावाची मज्जातंतू मेंदूकडून हृदयापर्यंत जाते आणि हा बदल बराचसा तिच्यामार्फत घडतो. हा फरक मुलांमध्ये तर चांगला ठळक असतो. म्हणजे उच्छ्वास जितका सावकाश, तितका वेळ हृदय संथ लयीत राहतं आणि शरीराला ‘धोका टळला’ असा निरोप मिळतो. रागाचा किंवा भीतीचा जोर ओसरायला मुलाच्या हातात एवढं साधन आलं तरी पुष्कळ झालं. त्याला औषध लागत नाही, जागा लागत नाही, परीक्षेच्या बाकावरही ते करता येतं.

साडेपाच वर्षांच्या मुलीला ‘दीर्घ श्वास घे’ म्हणून भागत नाही. तसं म्हटलं की मुलं खांदे कानांपर्यंत उचलतात, गाल फुगवतात आणि श्वास अडकवून बसतात. त्याऐवजी तिला पाठीवर झोपवा, पोटावर एखादं हलकं मऊ खेळणं ठेवा आणि सांगा की खेळण्याला वर-खाली हळूच झुलवायचं, पाडायचं नाही. साधारण सात वर्षांपर्यंत मुलं प्रामुख्याने पोटानेच श्वास घेतात, त्यामुळे हे त्यांना चटकन जमतं. बसून करायचं असेल तर तळहातावर पीस ठेवून ते उडून न जाईल इतकी हळू फुंकर घालायला सांगा. जोरात फुंकणं सगळ्यांना येतं, हळू फुंकायला मन लावावं लागतं. नऊ वर्षांच्या मुलाला तीन मोजेपर्यंत श्वास घ्यायला आणि चार किंवा पाच मोजेपर्यंत सोडायला सांगता येतं, पण त्याला स्वतःच मोजू द्या. आपण बाहेरून मोजलं की तो आपल्या वेगाशी झगडत बसतो.

भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुंजन करणं, मात्र दोघांनाही द्या. मुलांसाठी मला एकच श्वसनप्रकार निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन. गुंजन करताना उच्छ्वास आपोआप लांबतो, मोजावं लागत नाही, आणि चेहरा, छाती, कवटी यांत जाणवणारी कंपनं मुलांना फार आवडतात. कानात बोट खुपसायचं नाही. कानाच्या पुढची छोटी पाळी अलगद दाबली की पुरे. तोंड मिटलेलं, दात एकमेकांपासून सुटे, आवाज मऊ. पाच वेळा झाला की थांबायचं. कान दुखत असेल किंवा सर्दीने नाक पूर्ण चोंदलं असेल तर त्या दिवशी करू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मूल रागाने लाल झालेलं असताना त्याला ‘आधी शांत हो, दीर्घ श्वास घे’ असं फर्मान सोडू नका. त्या क्षणी ते शिकण्याच्या अवस्थेत नसतं. शिवाय श्वास म्हणजे शिक्षा, असं समीकरण त्याच्या मनात बसतं आणि नंतर ते कधीच आपणहून श्वासाकडे वळत नाही. सराव शांत वेळी करायचा, रोज थोडा. रागाच्या वेळी आपण त्याच्या शेजारी खाली बसायचं, काही न बोलता स्वतःचा श्वास ऐकू येईल इतका सावकाश सोडायचा. मूल आधी आपल्या लयीत येतं, शब्द त्याच्यापर्यंत नंतर पोहोचतात. हे पालकांना आसनांपेक्षा अवघड जातं, आणि मी वर्गात मुलांसोबत पालकांनाही बसवते त्याचं हेच कारण आहे.

आता तुमच्या मुलाच्या लक्षाविषयी. मनाला आवर घालणं, सूचना डोक्यात धरून ठेवणं, एका कामावरून दुसऱ्यावर वळणं ही कामं मेंदूच्या कपाळामागच्या भागाची आहेत आणि तो भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. नऊ वर्षांच्या मुलाकडून मोठ्यांसारखी एकाग्रता मागणं म्हणूनच रास्त नाही. पण या क्षमतांना सरावाने वळण लागतं. योगाच्या तासात हा सराव शरीरातून होतो. मी टाळी वाजवेपर्यंत मुलं खोलीभर चालतात, टाळीला ठरलेल्या आसनात थबकतात. मग नियम उलटा करते: ‘ताडासन’ (ताठ उभं राहणं) म्हटलं की शशांकासन (गुडघे दुमडून बसून पुढे वाकणं) करायचं आणि ‘शशांकासन’ म्हटलं की ताडासन. ऐकलेलं लगेच न करता थांबून, नियम आठवून, मग हालचाल करायची. वरून हा धमाल खेळ दिसतो, आणि असतोच. पण गणितातलं उदाहरण पूर्ण वाचण्याआधी आकडे मांडायला न धावणं हीसुद्धा याच जातीची सवय आहे.

संशोधन काय सांगतं, हेही प्रामाणिकपणे मांडायला हवं. मुलांच्या योगावर जगभर अभ्यास झाले आहेत. चिंता कमी होणं, लक्ष थोडं सुधारणं, तोल आणि स्नायूंची ताकद वाढणं या बाबतीत त्यांचे निष्कर्ष आशादायक आहेत. पण बरेचसे अभ्यास लहान गटांवरचे आणि काही आठवड्यांपुरतेच आहेत. प्रत्येक ठिकाणी ‘योग’ म्हणून वेगळंच काही शिकवलेलं असतं, आणि मुलांना कोणता गट मिळाला हे त्यांच्यापासून लपवता येत नाही. त्यामुळे योगाने अतिचंचलतेचा विकार बरा होतो असा दावा कुणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नका. निदान झालेल्या मुलाचे उपचार योगासाठी थांबवणं तर अजिबात नको. उपचारांसोबत योग जरूर करावा, त्याचा आधार मिळतो.

मुलाची झोप मात्र मी सगळ्यात आधी हाती घेईन. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते. रोज तासभर चुळबुळ करून साडेसात-आठ तासांवर उठणाऱ्या मुलाचं वर्गात लक्ष लागत नसेल तर त्यात नवल नाही. झोपण्यापूर्वी किमान तासभर मोबाइल-टीव्ही बंद, आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं अशी: शशांकासन दोन मिनिटं, कपाळ जमिनीला किंवा उशीला टेकलेलं. मग पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेऊन अंग अलगद डावी-उजवीकडे डोलवायचं. नंतर पाय भिंतीला उभे टेकवून तीन-चार मिनिटं पडून राहायचं. मग पाच भ्रामरी आणि शवासन.

शवासनात मुलांना ‘अंग सैल सोड’ म्हणून काही उपयोग नसतो, कारण सैल म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नसतं. आधी ताण दाखवावा लागतो. दोन्ही मुठी आवळ, आणखी घट्ट, आता सोड. खांदे कानांशी ने, सोड. तोंड वेडंवाकडं कर, सोड. पायाची बोटं वळव, सोड. स्नायू मुद्दाम आवळून मग सोडण्याचं हे तंत्र अमेरिकी वैद्य एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पद्धतशीर मांडलं आणि मुलांना ते फार चांगलं लागू पडतं. त्यानंतर पायापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाचं नाव सावकाश घेत गेलं की पाच मिनिटांची योगनिद्रा होते. आवाज सपाट ठेवा, उत्सुकता वाढवणारी गोष्ट सांगू नका, नाहीतर ‘पुढे काय झालं’ म्हणून मूल उठून बसेल. दोन-तीन आठवडे हाच क्रम त्याच वेळी ठेवला तर शरीर त्याला झोपेची सूचना मानू लागतं. क्रम मोडून रोज नवं काही करू नका. झोपेच्या बाबतीत ओळखीचंच कामाला येतं.

बद्धकोष्ठतेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण हा त्रास इतक्या मुलांना असतो की सांगून ठेवते. उकिडवं बसण्याने गुदमार्गाचा कोन सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. मलासनात बसण्याचा सराव, पवनमुक्तासन आणि खुर्चीसारख्या शौचालयात पायाखाली छोटा स्टूल, एवढ्याने पुष्कळ मुलांना आराम पडतो. पाणी, तंतुमय आहार आणि रोजची ठरलेली वेळ यांच्या जोडीनेच, हे वेगळं सांगायला नको.

आता ऐकीव गोष्टी. उंची वाढत नाही. ती आनुवंशिकता, आहार, झोप, संप्रेरकं आणि एकूण आरोग्य यांवर ठरते. हाडांची वाढ त्यांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांतून होते, ताणल्याने ती लांबत नाहीत. दिवसभर उभं राहून-बसून मणक्यांमधल्या चकत्या दबतात म्हणून सकाळची उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त भरते. शिवाय ताडासनाने पाठ सरळ ठेवायची सवय लागली की मूल उंच दिसतं. ‘आमच्या मुलाची उंची वाढली’ या कहाण्यांमागे बहुधा यांपैकीच काहीतरी असतं, नाहीतर त्याची वाढायची वेळच आलेली असते. चष्माही जात नाही. जवळचं दिसतं आणि लांबचं दिसत नाही, हा नेत्रगोलाच्या लांबीचा प्रश्न आहे. मुलांना तो उशिरा लागावा म्हणून उपयोगी ठरतं ते रोज मोकळ्या उजेडात खेळणं. ज्योतीकडे टक लावून करायचं त्राटक लहान मुलांना देऊ नये. स्मरणशक्ती दुप्पट होणं, बुद्ध्यंक वाढणं यांवर मी वेळ घालवत नाही.

आणखी एक गैरसमज पालकांपेक्षा आम्हा योगशिक्षकांमध्ये जास्त आहे, तो म्हणजे योग केला की बाकी व्यायामाची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचालीची आहे, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणाऱ्या व्यायामाची. ३-४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून १८० मिनिटं हलत राहावं, त्यांतली ६० मिनिटं तरी धाप लागेल अशी. धावणं, उड्या मारणं, चढणं, लोंबकळणं यांनी हाडांना जे बळ मिळतं ते आसनांनी मिळत नाही. मुलाला खेळातून ओढून योगाला बसवू नका. खेळून दमून आल्यावर दहा मिनिटं योग, हा क्रम मला सगळ्यात नैसर्गिक वाटतो.

तुमच्या मुलीविषयी: एका जागी न बसणं हा साडेपाच वर्षांच्या मुलीचा दोष नाही. तिला बसवून सुरुवात करू नका, हालचालीतून थांबण्याकडे न्या. तिच्यासाठी दहा ते पंधरा मिनिटं पुरे. आधी सशासारख्या उड्या, अस्वलासारखं चालणं. मग मांजर, कुत्रा, साप, फुलपाखरू, झाड अशी आसनं गोष्टीत गुंफून, प्रत्येक आसनात दोन किंवा तीन श्वास. त्याहून जास्त थांबवायचं नाही. शेवटी पोटावरच्या खेळण्याला झुलवणं. गोष्ट तिला रचू द्या; साप झाडावर चढला असं ती म्हणाली तर चढू द्या. तीन वर्षांखालच्या मुलांना काहीही शिकवायची गरज नाही. तुम्ही करा, ती शेजारी लुडबुड करतील आणि हवं तेवढं उचलतील.

मुलासाठी वीस ते पंचवीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. या वयात त्याला क्रम लक्षात ठेवायला आवडतं, म्हणून सूर्यनमस्कार सुरू करायला हे वय चांगलं आहे. चार ते सहा, संथ, श्वासाच्या लयीत. सूर्यनमस्कारांच्या संख्येच्या स्पर्धेत त्याला उतरवू नका. वेगात केलेल्या नमस्कारांत मनगटं आणि कंबर धरते, आणि ज्यासाठी करायचं तो श्वास आधी सुटतो. त्यानंतर वीरभद्रासन, वृक्षासन, नौकासन, भुजंगासन, सेतुबंधासन, आणि बसून एक पुढे वाकण्याचं. नवीन आसन आठवड्याला एकच. त्याला मोबाइलमध्ये कैद करून कोणालाही दाखवू नका. कुणी बघतंय म्हटलं की मुलं दुखेपर्यंत ताणतात.

पतंजलींनी आसनाची अट स्थिर आणि सुखकर अशी दुहेरी सांगितली आहे, आणि मुलांच्या बाबतीत ती तपासायची जागा म्हणजे चेहरा. कपाळाला आठ्या, ओठ दाबलेले, श्वास अडकलेला असेल तर आसन कितीही देखणं दिसो, ते मोडायचं. मुलाच्या पाठीवर बसून, खांदे दाबून, पाय ओढून कुणी आसन ‘बसवत’ असेल तर ते मूल तिथून काढून घ्या. एवढं एक लक्षण मला तो शिक्षक पारखायला पुरतं. चांगला शिक्षक हात लावण्याआधी विचारतो, ‘नको’ म्हटल्यावर थांबतो, मुलांची एकमेकांशी तुलना करत नाही आणि वर्गात थोडा गोंगाट सहन करतो.

काही गोष्टी लहान मुलांनी करूच नयेत आणि इथे मी तडजोड करत नाही. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन नको. जन्मताना मुलाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं, प्रौढाचं साधारण एक अष्टमांश. मधल्या वर्षांत डोकं तुलनेने जड आणि मान नाजूक असते. त्या मानेवर शरीराचा भार टाकण्याने मिळणारा कोणताही लाभ असा नाही, जो सुरक्षित आसनांतून मिळत नाही. इंटरनेटवर पाच वर्षांची मुलं शीर्षासन करताना दिसतात, ती पाहून भुलू नका. कपालभाती आणि भस्त्रिका हे जोराच्या श्वासाचे प्रकार, कुंभक म्हणजे श्वास रोखणं आणि बंध म्हणजे ठरावीक स्नायू आवळून धरणं, हेही नकोत. जोराजोराने श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात. काही प्रकारच्या अपस्मारात तर वेगवान श्वसनाने झटका येऊ शकतो, म्हणूनच डॉक्टर तपासणीच्या वेळी ते मुद्दाम करून पाहतात.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके काही वेळा सैल असतात. त्यांना मान जास्त वाकवणारं किंवा डोक्यावर भार देणारं आसन आणि कोलांटउड्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. दमा असलेल्या मुलाने योग जरूर करावा, पण इनहेलर जवळ ठेवून आणि औषध चालू ठेवून. स्वमग्न मुलांसोबत काम करताना रोज तोच क्रम, तीच जागा, आसनांची चित्रं आणि कमीत कमी शब्द असले की बरं जमतं. डोळे मिटायचा आग्रह त्यांना कधीच करू नये. खरं तर कोणत्याच मुलाला करू नये.

जेवण झाल्यावर दोन तास जाऊ द्या. योगाआधी थोडं काही खाल्लेलं असेल तर चालतं. मुलांना उपाशीपोटी योगाला उभं करायचा अट्टहास नको. पाय अनवाणी, जमीन न घसरणारी.

फरक कधी दिसेल? झोपेत दोन-तीन आठवड्यांत, तोलात महिना-दीड महिन्यात. लक्ष आणि राग यांत फरक सावकाश आणि चढउतार होत दिसतो, त्याला काही महिने द्या. बघायचं कुठे, तेही सांगते. आसन किती चांगलं जमतं याकडे बघू नका. भांडण झाल्यावर मुलगी पूर्वीपेक्षा लवकर सावरते का, मुलगा ‘माझं पोट धडधडतंय’ किंवा ‘मला भीती वाटतेय’ असं नाव देऊन सांगू लागतो का, न सांगता कधी स्वतःहून श्वास सावकाश करतो का, याकडे बघा. आतून येणारे संकेत ओळखता येणं ही मोठी मिळकत आहे. ज्या मुलाला स्वतःची घबराट ओळखता येते ते मदत मागू शकतं.

मुलांनी नको म्हटलं तर त्या दिवशी सोडून द्या. आठवडाभर नको म्हणत असतील तर प्रकार बदला, वेळ बदला, किंवा तुम्ही एकट्याने त्यांच्यासमोर करत राहा. सक्तीने शिकवलेलं शवासन म्हणजे नुसतं पडून राहणं होतं.

मुलाच्या बाबतीत एक गोष्ट योग सुरू करण्याआधी तपासा. रात्री तो घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, झोपेत मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो का, घामाने भिजतो का? नाकामागच्या गाठी किंवा टॉन्सिल वाढलेले असतील तर झोप तुटत राहते आणि अशी मुलं दिवसा पेंगण्याऐवजी अनेकदा चंचल आणि चिडचिडी होतात. तसं काही दिसलं तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. दृष्टी आणि ऐकणं बरेच दिवसांत तपासलेलं नसेल तर तेही करून घ्या. झोपण्यापूर्वीचा क्रम मात्र आजपासून सुरू करायला हरकत नाही. त्यात भ्रामरी नाक मोकळं असेल तेव्हाच घ्या.